निष्ठा आणि नियुक्तिपत्र

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोच होणं म्हणजे नेमकं काय, यावर एकाच घरातल्या दोघींचा हा वाद. आत्या महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होती, आता निवृत्त आहे. भाची विद्यापीठाच्या संघातून खेळली, सध्या अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापन शिकते आणि पुढे तिथेच मुलींच्या संघाची कोच व्हायचं म्हणते. अशा वादात तरुण माणूस पैशाची बाजू घेतो आणि ज्येष्ठ माणूस त्यागाची, असा साधारण प्रघात. इथे उलट झालं.

भाची : मला कोच व्हावंसं वाटलं ते पॅट समिटमुळे. १९७४ साली टेनेसी विद्यापीठाने मुलींचा संघ तिच्या हातात दिला, तेव्हा ती २२ वर्षांची होती. खरं तर आली होती पदव्युत्तर शिक्षणाला, सोबत सहायक म्हणून काम करायला. मुख्य प्रशिक्षिका रजेवर गेली आणि संघ हिच्या गळ्यात पडला. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, जर्सीही तीच धुवायची. त्या जर्सीसुद्धा डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेल्या. तिथेच ती ३८ हंगाम राहिली. १०९८ सामने जिंकली, आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि एकाही हंगामात पराभव विजयांपेक्षा जास्त होऊ दिले नाहीत.

आत्या : आकडे चोख आहेत. आता मला सांग, त्याच विद्यापीठातल्या मुलांच्या संघाचा कोच जर्सी धुवायचा का?

भाची : कशाला धुवेल? त्याच्या हाताखाली माणसं असणार.

आत्या : मग ही त्यागाची गोष्ट कशी झाली? ज्या खात्याला शिपाई नाही, धोबी नाही, ड्रायव्हर नाही, त्या खात्याची ही गोष्ट आहे. आम्हीही जिमखान्यात हेच केलंय. किटच्या बॅगा एसटीच्या टपावर चढवल्या, मुलींचा टीए-डीए आधी स्वतःच्या खिशातून भागवला आणि मग बिलांसाठी ऑफिसच्या मागे लागलो. निरोप समारंभात मला ‘समर्पित’ म्हणून शाल दिली. शालीऐवजी वेळेवर एक सहायक दिला असता, तर आणखी दोघी-तिघी राज्य संघात गेल्या असत्या.

भाची : पण व्यवस्था नसताना कुणीतरी आधी उभं राहावंच लागतं ना? व्हिव्हियन स्ट्रिंगर बघ. पेनसिल्व्हेनियातलं चेनी स्टेट हे कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं छोटं कॉलेज. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती तिथे शारीरिक शिक्षण शिकवायची आणि मुलींच्या संघाचं काम वेगळं मानधन न घेता करायची. १९८२ साली एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लुइझियाना टेकसमोर चेनी स्टेटच होतं. हरलं, पण तिथवर पोचलं. पुढे तिने आयोवा आणि रटगर्सलाही अंतिम चारपर्यंत नेलं.

आत्या : स्ट्रिंगरला माझा नमस्कार. पण चेनीला तिला ठेवून घेता आलं का? पुढच्याच वर्षी ती आयोवाला गेली. बिनपगारी निष्ठेवर एखादा संघ एखाद्या वर्षी अंतिम सामना गाठतो. त्यातून खातं उभं राहत नाही. तू ज्या तारखा सांगतेस त्यांच्या मागची तारीख १९७२ ची आहे. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत टायटल नाइन हा कायदा मंजूर झाला. ज्या शिक्षणसंस्था सरकारी पैसा घेतात, त्यांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. खेळ हा त्याच शिक्षणाचा भाग ठरला. समिटची नेमणूक झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. कायदा नसता तर त्या पोरीने जर्सी धुतल्याचं सांगायलाही कुणी उरलं नसतं.

भाची : कायदा नंतरचा, तिचा बाप आधीचा. दुधाचा धंदा करणारं शेतकरी कुटुंब. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून अख्खं बिऱ्हाड उचलून बाप हेन्रिएटाला गेला. मुलगी खेळावी एवढ्यासाठी.

आत्या : बाप चांगला निघाला तर मुलगी खेळणार, याला नशीब म्हणतात. ज्यांचे बाप बिऱ्हाड हलवत नाहीत, अशा मुलींसाठी कायदा लागतो.

भाची : बरं, कायदा मान्य. पण कायद्याने पैसा आणला, आणि पैशाने काय केलं तेही ऐक. ब्रुकलिन कॉलेजच्या व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कारपेंटर या दोन प्राध्यापिकांनी कित्येक वर्षं याचा हिशेब ठेवला. १९७२ मध्ये मुलींच्या महाविद्यालयीन संघांच्या कोचपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. २०१४ मध्ये ते प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास आलं. बास्केटबॉलची स्थिती इतर खेळांपेक्षा बरी होती, पण ओघ तोच. काम फुकटचं होतं तोवर बायकांचं होतं. पगार सुरू झाला आणि पुरुष अर्ज घेऊन आले. आता सांग, तुझ्या पैशाने कुणाचं भलं केलं?

आत्या : आकडा बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा आहे. आधी मुलींचं शारीरिक शिक्षण खातं वेगळं असायचं आणि त्याची प्रमुख बाई असायची. कायद्यानंतर मुलांचं आणि मुलींचं खातं एकत्र झालं. एकत्र झालेल्या खात्याचा डायरेक्टर बहुतेक ठिकाणी पुरुषच राहिला. नेमणुका तो करणार, आणि तो नेमणार आपल्या ओळखीतल्या माणसांना. पगाराने बायकांना बाहेर काढलं नाही. ज्या खुर्चीवरून नेमणुका होतात ती हातची गेली, म्हणून बायका बाहेर गेल्या.

भाची : म्हणूनच मी म्हणते, जुनी व्यवस्था काही वाईट नव्हती. एनसीएएच्या आधी मुलींच्या खेळाचा कारभार एआयएडब्ल्यू नावाची बायकांचीच संघटना पाहत होती. खेळ शिक्षणासाठी आहे, धंद्यासाठी नाही, हे तिचं तत्त्व. ८२ साली एनसीएएने महिलांच्या स्पर्धा आपल्याकडे घेतल्या आणि ती संघटना संपली.

आत्या : त्याच संघटनेने सुरुवातीला खेळाडू मुलींना शिष्यवृत्ती द्यायला बंदी घातली होती, हेही सांग. पैशाने खेळ बिघडतो, असं कारण दिलं होतं. शेवटी खेळाडू मुली आणि त्यांच्या शिक्षिका कोर्टात गेल्या, तेव्हा १९७३ मध्ये ती बंदी उठली. खेळ शुद्ध ठेवायचा म्हणून ज्यांनी फी भरायची, त्या मुलींना कुणी विचारलं होतं? बायकांची संघटना असली म्हणजे ती बायकांच्या खिशाचा विचार करतेच, असं नाही. हे मी महिला मंडळांतही पाहिलंय.

भाची : तुला समिटपेक्षा कोण मोठं वाटतं मग?

आत्या : मोठं कुणी नाही. पण माझ्या मते या धंद्याची खरी गोष्ट मॅरिअन स्टॅन्लीची आहे. ओल्ड डोमिनियनला तिने १९७९, १९८० आणि १९८५ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पुढे ती लॉस एंजेलिसच्या यूएससीमध्ये होती. १९९३ मध्ये तिचा करार संपला, तेव्हा तिने मुलांच्या संघाचा कोच जॉर्ज रॅव्हेलिंग याच्याइतका पगार मागितला. बोलणी फिसकटली, नोकरी गेली. ती कोर्टात गेली आणि हरली. कोर्टाचं म्हणणं असं पडलं की, मुलांच्या कोचवर उत्पन्न आणण्याची आणि प्रसिद्धीची जबाबदारी जास्त, त्याचा अनुभवही जास्त, तेव्हा दोघांचं काम सारखं धरता येत नाही. म्हणजे मुलींच्या संघाची जाहिरात करायची नाही, आणि प्रेक्षक येत नाहीत म्हणून कोचला कमी द्यायचं!

भाची : पण ती संपली नाही ना. १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हीरने ऑलिंपिक संघासाठी वर्षभराची रजा घेतली, तेव्हा तिच्या जागी एमी टकरसोबत स्टॅन्लीलाच नेमलं होतं. पुढे तिने व्यावसायिक लीगमध्येही संघ सांभाळले. तिला परत आणलं ते या क्षेत्रातल्या बायकांच्या एकमेकींवरच्या विश्वासाने. त्यात कोर्टाचा काय वाटा?

आत्या : विश्वासाने आणलं, हे कबूल. पण त्या विश्वासाची गरज पडली ती आधी कुणीतरी तिला रस्त्यावर आणलं म्हणून. तिच्या उलट किम मल्की बघ. लुइझियाना टेकची खेळाडू, १९८२ ची विजेती, मग तिथेच १५ वर्षं सहायक. सन २००० मध्ये मुख्य कोचपद चालून आलं, तेव्हा तिने पाच वर्षांचा करार मागितला. कॉलेज तयार होईना. जिथे तरुणपण घालवलं ते कॉलेज सोडून ती टेक्ससमधल्या बेलरला गेली. तिथे तीन विजेतेपदं आणली आणि २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) चौथं. निष्ठा तिच्याकडेही होती. कागदावर सही मात्र नव्हती, म्हणून ती निघाली. बरोबर केलं.

भाची : तू कोचला नोकरदार करून टाकतेस.

आत्या : नोकरदारच असते ती. देवळातली पुजारीण नाही.

भाची : मग जीनो ऑरिएमाचं काय करशील? इटलीत जन्मलेला पुरुष. १९८५ मध्ये कनेटिकटला आला आणि २०२५ पर्यंत १२ राष्ट्रीय विजेतेपदं. त्याच्याइतकी समिटकडेही नाहीत. उत्तम शिकवणारा पुरुष असला तर काय बिघडलं?

आत्या : काही बिघडलं नाही. माझा आक्षेप एकेरी रस्त्याला आहे. पुरुषाला मुलांचा संघही मिळतो आणि मुलींचाही. बाईला मुलांचा संघ मिळाल्याची उदाहरणं शोधत बसावी लागतात. आणि ऑरिएमाच्या शेजारी पहिल्या दिवसापासून ख्रिस डेली बसलेली आहे, तीही १९८५ पासूनच. वर्तमानपत्रात तिचं नाव किती वेळा वाचलंस?

भाची : नोत्र दामच्या मफेट मॅकग्रॉने २०१९ मध्ये हेच जाहीरपणे मांडलं होतं. मुली लहानपणापासून अधिकाराच्या जागी पुरुषच पाहतात, मग स्वतःला त्या जागी कशा पाहतील, असा तिचा मुद्दा. यापुढे सहायक म्हणून पुरुष घेणार नाही, असंही ती म्हणाली. पण मला ते खटकलं. अन्याय उलटा केला म्हणून न्याय होत नाही.

आत्या : तिच्या हातात किती जागा होत्या? तीन-चार. तेवढ्यात तिने तीन-चार बायका घडवल्या, तर पुरुषांवर काही आकाश कोसळत नाही. बाकी शेकडो कॉलेजांत त्यांना जागा आहेतच. शिवाय मॅकग्रॉची वाट बघ. आधी शाळेच्या संघाची कोच, मग कॉलेजात सहायक, मग लीहाय नावाच्या लहान विद्यापीठात मुख्य कोच, आणि १९८७ मध्ये नोत्र दाम. ३३ वर्षं तिथे. २००१ आणि २०१८ ची विजेतेपदं. ती ज्या पायऱ्या चढली, त्यातल्या खालच्या दोन पायऱ्यांवरच आता पोरी अडकतात, हे तिने पाहिलं होतं. म्हणून ती बोलली.

भाची : त्या पायऱ्यांबद्दलच माझं खरं म्हणणं आहे. बाहेरच्याला वाटतं, कोच म्हणजे सामन्याच्या वेळी रेषेजवळ उभी राहून ओरडणारी बाई. सहायकाचं काम मी इथे जवळून बघते. रात्री पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत कापून ठेवायची. कुठली खेळाडू डावीकडे वळल्यावर चेंडू सोडते, ते टिपायचं. उन्हाळ्यात क्लबांच्या स्पर्धांना जाऊन एका सभागृहात आठ-आठ कोर्टांवर चाललेले सामने बघायचे आणि शाळेतल्या पोरींमधून पुढच्या दोन-तीन वर्षांचा संघ शोधायचा. त्यांच्या आयांशी, आज्यांशी बोलायचं. आपल्या मुलींचा अभ्यास, परीक्षा, दुखापती, घरची भांडणं सांभाळायची. यातलं काहीच टीव्हीवर दिसत नाही. हे सगळं पगारासाठी होतं का? आयोवाची जॅन जेन्सन बघ. लिसा ब्लूडर सन २००० मध्ये आयोवाला आली, ती हिला सोबत घेऊनच. कॅटलिन क्लार्क या खेळाडूच्या काळात आयोवाने सलग दोन वर्षं अंतिम सामना खेळला, तेव्हाही जेन्सन शेजारच्याच खुर्चीत. २०२४ मध्ये ब्लूडर निवृत्त झाली, तेव्हा मुख्य कोचपद हिच्याकडे आलं. २४ वर्षं! याला निष्ठाच म्हणायचं ना?

आत्या : निष्ठाच. पण ती २४ वर्षं टिकली, कारण दुसऱ्या खुर्चीवर बसूनही घर चालेल असा पगार आणि पुढे जागा आपल्याला मिळेल असा भरवसा होता. समिटचंही तेच. २०११ मध्ये तिला ऐन ५९ व्या वर्षी अल्झायमर असल्याचं तिने जाहीर केलं. त्यानंतरचा हंगाम निभावला तो होली वॉर्लिकने. ती आधी समिटची खेळाडू, मग २७ वर्षं सहायक. बिनपगारी स्वयंसेविका २७ वर्षं थांबत नसतात. मोठ्या कोचच्या गोष्टीत दुसऱ्या खुर्चीचा पगार कुणी सांगत नाही. संघ टिकतो तो त्या खुर्चीवर.

भाची : डॉन स्टेलीच्या बाबतीत तुझी शिडी चालत नाही. ती सहायक झालीच नाही.

आत्या : तिची गोष्ट तूच सांग.

भाची : उत्तर फिलाडेल्फियातल्या गरीब सरकारी वसाहतीत वाढलेली. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, म्हणजे या खेळात बुटकीच. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून तीनदा अंतिम चारमध्ये, मग खेळाडू म्हणून १९९६, २००० आणि २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं. कोच व्हायचा विचारही नव्हता. २००० साली फिलाडेल्फियाच्याच टेंपल विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाने तिचा पिच्छा पुरवला. ती उन्हाळ्यात व्यावसायिक लीगमध्ये खेळायची आणि हिवाळ्यात टेंपलच्या मुलींना शिकवायची. आठ वर्षांत सहा वेळा संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेलं. २००८ मध्ये साउथ कॅरोलायना. पहिल्या हंगामात १० विजय, १८ पराभव.

आत्या : थांब. १०-१८ नंतर काय झालं?

भाची : चौथ्या हंगामात राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश, नवव्यात २०१७ चं विजेतेपद. मग २०२२. मग २०२४, तेही ३८ पैकी ३८ सामने जिंकून.

आत्या : पहिल्या वर्षी १८ सामने हरलेल्या कोचला ठेवलं, म्हणून हे पुढचं घडलं. व्हॅनडरव्हीरचंही तसंच. ओहायो स्टेटचा जमलेला संघ सोडून ती १९८५ मध्ये स्टॅनफर्डला गेली. पहिल्या हंगामात तिथेही पराभवच जास्त. पाचव्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद. २०२४ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा खात्यावर १२१६ विजय होते. कोचची गुणवत्ता सगळेच मोजतात. कॉलेजचा धीर कुणी मोजत नाही, आणि तो करारात वर्षांच्या आकड्यात लिहिलेला असतो.

भाची : पण स्टेलीची मला आवडणारी गोष्ट करारात नाही. १९९९ मध्ये पर्ड्यूच्या कॅरोलिन पेकने विजेतेपद मिळवलं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री कोच. जिंकल्यावर रिंगची जाळी कापून घ्यायची तिथे रीत आहे. पेकने आपल्या जाळीचा तुकडा स्टेलीला दिला, तूही जिंक म्हणून. २०१७ ला स्टेली जिंकली. पुढे तिने आपल्या जाळीचे तुकडे देशभरातल्या वरच्या श्रेणीतल्या कृष्णवर्णीय स्त्री मुख्य कोचना पाठवले. हे कुठल्या पगारात बसतं?

आत्या : बसत नाही, आणि बसायलाही नको. पण त्याच स्टेलीने २०२१ मध्ये सात वर्षांसाठी २ कोटी २४ लाख डॉलरचा करार केला, आणि त्यात तिला जराही संकोच वाटला नाही. जाळीचा तुकडाही पाठवते आणि आपली किंमतही ठणकावून सांगते. या दोन्ही गोष्टी एका बाईत राहतात, हेच तर मी तुला मघापासून सांगतेय. समिटलासुद्धा २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर मिळायला लागले. महिला बास्केटबॉलमध्ये तेवढं मिळवणारी ती पहिली कोच. तुझी जर्सी धुणारी पॅट ती हीच.

भाची : आता त्या पैशाची पुढची बाजू. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती करता येतात, आणि दुसऱ्या कॉलेजात गेल्यावर वर्षभर बसून राहावं लागत नाही. २०२५ पासून तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. दर वसंतात निम्मा संघ ‘पोर्टल’मध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत जातो. कोच शिकवणार केव्हा? आपल्याच खेळाडूंना थांबा म्हणून विनवण्यात आणि नव्या पोरींचे भाव ठरवण्यात महिने जातात. समिटच्या हाताखाली चार वर्षं पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. आज कुणी चार वर्षं थांबेल तर ना!

आत्या : पदवीचं तू म्हणालीस ते मला पूर्ण मान्य आहे. माझ्या दृष्टीने तोच तिचा सगळ्यात मोठा विक्रम. पण एक सांग, पूर्वी कोचला दुसरीकडे जायला कुणी अडवत होतं का? स्ट्रिंगर गेली, स्टेली गेली, व्हॅनडरव्हीर गेली. खेळाडूने कॉलेज बदललं तर तिला वर्षभर बाकावर बसवायचे. ज्यांना जायची सोयच नव्हती, त्या थांबल्या. त्याला निष्ठा कशी म्हणायची? आता मुलगी जाऊ शकते आणि तरी थांबते, तेव्हा कोचने काहीतरी शिकवलंय असं मी समजेन.

भाची : हे उत्तर चलाख आहे, पण पुरेसं नाही. पैसा वर साचतो, आत्या. मुख्य कोचला लाखो डॉलर, काही खेळाडूंना जाहिराती, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सहायकाला वर्षावर्षाचा करार. मुख्य कोच गेली की तिचा सगळा ताफा बेकार. तुझ्या करारांनी त्या मुलीचं काय केलं?

आत्या : काही नाही केलं. इथे तू जिंकलीस. वरच्या माणसाचा पगार वाढला म्हणजे धंदा सुधारला, असं मानणं हा आमच्याही संस्थांचा जुना रोग आहे.

भाची : आणि बायकांच्या शरीराचं काय? १९९० मध्ये समिट नऊ महिन्यांची गरोदर असताना पेनसिल्व्हेनियात एका खेळाडूच्या घरी गेली, तिला संघात ओढायला. तिथेच पाणी सुटलं. मूल टेनेसीतच जन्माला यायला हवं, म्हणून हट्टाने विमानाने परतली. ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. २०२५ च्या जानेवारीत टेनेसीचीच नवी कोच किम कॉल्डवेल हिला मुलगा झाला आणि आठवड्याभरात ती संघाजवळ उभी होती. मला आधी अभिमान वाटला. मग वाटलं, ३५ वर्षांत बदललं काय?

आत्या : तिला यायचं होतं म्हणून ती आली असेल, तर तो तिचा प्रश्न. पण तिचं उदाहरण देऊन पुढच्या सहायक मुलीला ‘मग तुला सहा आठवडे कशाला हवेत’ असं विचारलं जाणार, हे मी लिहून देते. बाईच्या पराक्रमाची गोष्ट दुसऱ्या बाईच्या रजेच्या अर्जावर शेरा म्हणून येते. म्हणून म्हणते, गोष्टींवर जाऊ नकोस. कागद वाच.

भाची : प्रेक्षक आले की सगळं बदलेल, असं सगळे म्हणायचे. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा, १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्याला दीड कोटीही नव्हते. असं पहिल्यांदाच झालं. आता तरी स्टॅन्लीच्या कोर्टातलं ते कारण संपलं ना?

आत्या : संपलं. पण त्याच्या तीनच वर्षं आधी त्याच स्पर्धेत मुलांना भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सचा एक स्टँड दिला होता, हे एका खेळाडूने मोबाइलवर चित्रित करून जगाला दाखवलं. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव तोवर फक्त मुलांच्या स्पर्धेला वापरायचे. मुलींना ते मिळालं २०२२ मध्ये. बघणारे लोक होतेच, त्यांना दाखवत कुणी नव्हतं. मुलींच्या संघांना राष्ट्रीय स्पर्धेतल्या विजयांचे पैसे मिळायला २०२५ उजाडलं. मुलांच्या संघांना ते कित्येक दशकं मिळत होते.

भाची : आणि आपल्याकडे?

आत्या : आपल्याकडे हा वाद करायलासुद्धा पद नाही. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक एक. तोच कबड्डीचा, तोच खो-खोचा, तोच बास्केटबॉलचा, परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षकही तोच. पतियाळाचा कोचिंगचा डिप्लोमा घेऊन आलेली मुलगी कुठल्या तरी क्लबात महिन्याच्या मानधनावर राबते. चांगल्या खेळाडूंना नोकरी देते ती रेल्वे. खेळ संपल्यावर त्यातल्या कितीजणी कोच होतात? २०१७ मध्ये आपल्या महिला संघाने बंगळुरूला आशिया चषकाची ‘ब’ श्रेणी जिंकली, तेव्हा कोच सर्बियाचा झोरान विसिच होता. तो चांगलाच होता. पण आपल्याकडची माजी खेळाडू त्या जागी पोचेल असा रस्ता आपण आखलेलाच नाही.

भाची : म्हणजे मी परत येऊ नको?

आत्या : ये. पण आधी तिथली सहायकाची जागा घे. सही करण्याआधी चार गोष्टी विचार. करार किती वर्षांचा, मुख्य कोच गेली तर माझं काय, बाळंतपणाची रजा किती, आणि दोन वर्षांनी माझ्या हातात स्वतंत्र जबाबदारी कोणती. याची लेखी उत्तरं मिळाली की मग खुशाल जर्सी धू.

या वादात आत्याचं म्हणणं मला बरंचसं पटतं. समिटच्या आठ विजेतेपदांमागे निष्ठा होती, पण ती ३८ वर्षं टिकली ती कायद्याने, कराराने आणि पगार घेणाऱ्या दुसऱ्या खुर्चीने. भाचीचा एक प्रश्न मात्र तसाच उरतो. पैसा वरच साचणार असेल, तर खालच्या पायरीवरची मुलगी वर चढणार कशी? त्याचं उत्तर अमेरिकेतही अजून कुणी नीट दिलेलं नाही. आपल्याला निदान सुरुवात करता येईल. तुमच्या गावातल्या कॉलेजात मुलींचा संघ असेल, तर पुढच्या वार्षिक सभेत किंवा पालक मेळाव्यात एवढंच विचारा : या संघाला कोच आहे का, आणि असेल तर तिचं नियुक्तिपत्र कुठे आहे?